एका जुनेराची वाकळ

गेल्या वर्षी होळी झाल्यावर साताऱ्यातल्या आमच्या घरातली जुनी लोखंडी ट्रंक मी आवरायला काढली. तिच्या तळाशी माझ्या आजेसासूबाईंची दोन नऊवारी लुगडी निघाली. एक हिरवे इरकल होते आणि दुसरे धुऊन धुऊन मूळचा रंग कोणता हे सांगता येऊ नये इतके फिकट झालेले सुती पातळ. नेसण्याच्या कामाची ती राहिली नव्हती आणि टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येणेही शक्य नव्हते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या तेव्हा माण तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी ते फिकट पातळ उचलून गालाला लावून पाहिले आणि म्हणाल्या, "ह्याची वाकळ कर. पोरांच्या अंगावर पडंल."

वाकळ, म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक शिवून केलेली गोधडी, मला शिवता येत नव्हती. शाळेत शिवणाच्या तासाला धावदोरा, हेमचा टाका आणि काजे एवढे शिकले होते. त्यानंतर सुई हातात धरली ती शर्टाची तुटलेली गुंडी लावण्यापुरती. घरात सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, माझी अर्ध्या दिवसाची नोकरी, दोन वेळचा स्वयंपाक आणि संध्याकाळचा अभ्यास, एवढ्यातून एवढे मोठे काम कसे पार पडणार, असे मी त्यांना विचारले.

त्यावर आत्यांनी जे सांगितले ते पुढचे तीन महिने मला रोज पटत गेले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाकळ हे काम लेकुरवाळ्या बाईच्या सोयीनेच घडलेले आहे. मशीनवर कापड लावले की टीप संपेपर्यंत उठता येत नाही, विणकाम अर्धवट टाकून धावले तर टाके गळतात. धावदोऱ्याचे तसे नाही. चार टाके घालून थांबा, सुई कापडात खोचा, उतू चाललेले दूध बघून या, मुलाचे नाक पुसा आणि परत येऊन पाचवा टाका घाला, काही बिघडत नाही. रानातली सुगी आटोपल्यावर आणि पेरणीची घाई सुरू होण्याआधी त्यांच्या गावच्या बायका ओसरीवर बसून वाकळा शिवत त्या अशाच, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून.

पहिले काम कापड पारखण्याचे होते. वाकळेला सुती जुनेरच, म्हणजे वापरून जुने झालेले लुगडेच लागते, कारण ते मऊ असते, घाम टिपते आणि त्यातून सुई सहज जाते. कृत्रिम धाग्याचे कापड गुळगुळीत असल्यामुळे पदर, म्हणजे वाकळेचे थर, एकमेकांवरून सरकतात आणि रात्री अंगाला चिकटते. ट्रंकेतले इतर कपडे कशाचे आहेत हे ओळखण्यासाठी आत्यांनी प्रत्येकाच्या शिवणीच्या आतल्या कापडाचा एकेक धागा ओढून काढला आणि समईच्या वातीवर धरला. सुती धागा कागदासारखा जळाला, वासही कागदाचाच आला आणि बोटाने चुरताच त्याची राख झाली. दुसरा धागा मात्र वितळून त्याच्या टोकाला काळा टणक मणी तयार झाला. मुलगी डोळे विस्फारून बघत होती. तिने ते मणी एका काडेपेटीत जमवले आणि ती काडेपेटी दुसऱ्या दिवशी दप्तरातून शाळेत गेली.

दुसरे काम मापाचे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट होतात, आणि लुगड्याचा पन्हा साधारण चार फुटांचा असतो. म्हणजे एका नऊवारीच्या चार घड्या घातल्या की एका माणसाचे पांघरूण चार पदरांसकट तयार. वाकळेला काही ठिकाणी चौघडी का म्हणतात, ते त्या दिवशी कळले. हा हिशेब मुलीने आधी वर्तमानपत्राच्या लांब पट्टीवर घड्या घालून करून पाहिला आणि मग आम्ही खरे पातळ अंथरले. दोन मुले एका वाकळेत मावावीत म्हणून रुंदी वाढवणे भाग होते, त्यासाठी इरकलाच्या अंगाच्या पट्ट्या चौपदरी करून दोन्ही बाजूंना जोडल्या. फाटके टोक आणि ताठर काठ काढून टाकल्यावर जे माप हाती आले ते साडेचार फूट बाय साडेसहा फूट.

इरकलाचा लाल पदर मात्र आम्ही कापला नाही. तो रेशमी असल्यामुळे सुताबरोबर नीट नांदला नसता, आणि शिवाय तो कापवेना. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून या लुगड्याला नाव मिळाले आहे. तिथल्या विणकराची खासियत अशी, की अंगाचे उभे सुती धागे आणि पदराचे उभे रेशमी धागे वेगवेगळे लावून ते एकमेकांत फासासारखे अडकवून जोडलेले असतात. मुलीला मी तो सांधा भिंग लावून दाखवला. हिरवा संपतो आणि लाल सुरू होतो तिथे प्रत्येक धागा दुसऱ्याच्या गळ्यात हात घालून उभा होता. इतक्या वर्षांच्या नेसण्या-धुण्यानंतरही त्यातला एकही सुटलेला नव्हता.

आता या पायावर ठिगळे लावायची होती. वरच्या बाजूला घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचा तुकडा असावा असे मी ठरवले आणि एका दुपारी मुले झोपलेली असताना कपड्यांचा ढीग घेऊन कात्री चालवली. मुलीचा बालवाडीतला फ्रॉक, तिच्या बाबांचा चौकड्यांचा सदरा, माझ्या एका साडीचा खण, मुलांची बाळपणीची झबली, आणि मुलाचा ट्रॅक्टरचे चित्र असलेला पिवळा शर्ट. तो शर्ट त्याला वर्षभर आखूड होत होता. गळ्यातून घालताना कान दुखत म्हणून मी तो बाजूला ठेवला होता आणि त्याच्या लक्षातही नसेल असे गृहीत धरले होते.

तो उठला, ढिगापाशी आला आणि त्याला पिवळा तुकडा दिसला. तो ओरडला नाही. त्याने तो तुकडा उचलला, मग कापलेल्या चिंध्यांमध्ये हात घालून दुसरा पिवळा तुकडा शोधला, दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवले आणि ट्रॅक्टरचे मागचे चाक पुढच्या भागाला जोडून बघायला लागला. चाक जुळेना, कारण मध्ये एक बोटभर पट्टी मी शिवणीसाठी काढून टाकली होती. मग तो रडला, आणि बराच वेळ रडला. कपडा त्याला होत नव्हता हे खरे होते, पण तो त्याचा होता हेही खरे होते आणि मी त्याला विचारले नव्हते. मी त्याची माफी मागितली. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ट्रॅक्टर जोडला. मधल्या फटीत मी निळ्या कापडाची पट्टी घातली, तर ती नदी आहे आणि ट्रॅक्टर नदीतून चालला आहे असे त्यानेच ठरवले. ते ठिगळ कुठे लावायचे हेही त्यानेच सांगितले: त्याच्या बाजूला, वरच्या अंगाला, झोपल्यावर हात पोचेल तिथे. त्यानंतर घरातला कोणाचाही कपडा, अगदी त्यांच्या बाबांचा फाटका बनियनसुद्धा, विचारल्याशिवाय कापायचा नाही असा नियम झाला आणि मुलांनी तो माझ्याकडून कसोशीने पाळून घेतला.

अंथरण्याचे काम दोन माणसांचे असते. बाहेरची खोली रिकामी करून, फरशी पुसून, वाळवून आम्ही पातळाच्या घड्या एकावर एक पसरल्या. आत्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असे धरून प्रत्येक पदर हाताने मधून कडेकडे सारत गेलो. कोपरे हलू नयेत म्हणून तीन कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पाण्याने भरलेली कळशी ठेवली आणि चौथ्या कोपऱ्यावर मुलाला बसवले. मी सांगेपर्यंत हलायचे नाही, तू दगड आहेस, असे म्हटल्यावर तो मांडी घालून खरोखर दगडासारखा बसला. मग लांब लांब कच्चे टाके घालून चारही पदर एकत्र बांधले, कडा आत दुमडल्या आणि धावदोऱ्याला सुरुवात झाली.

आत्यांची पद्धत अशी, की कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन करीत मध्यापर्यंत यायचे आणि दोन ओळींत बोटभर अंतर ठेवायचे. दोरा जाड सुती, तो मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान नसेल तर चार पदरांतून सुई ढकलताना दुसऱ्या दिवशीच बोटाला छिद्र पडते. मला ते पडले आणि मग मी अंगुस्तान आणले. एका वेळी सुईवर चार-पाच टाके घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. हा ओढण्याचा क्षणच सगळ्यात महत्त्वाचा. "येवढं ताणू नगंस, कापड वढलं की वाकळ आकसती," हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकले की मुलगा ते त्याच्या खेळातल्या भावलीला सांगायला लागला.

किती दोरा आणायचा हे ठरवताना मुलीच्या बाबांनी हिशेब मांडला. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरले, तर या मापाच्या वाकळेत सगळ्या ओळींची मिळून लांबी सुमारे १३५ मीटर होते, आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तर टाके साडेतेरा हजार. तो आकडा ऐकून मला थोडे दडपण आले. मुलीला मात्र तो फार आवडला. तिने भिंतीवर एक कागद चिकटवला आणि रोज जितक्या ओळी होतील तितक्या रेघा त्यावर मारायला लागली.

तीच सुया ओवायची. आत्यांना जवळचे दिसत नाही आणि माझा दोरा नेढ्यातून जायला तीन प्रयत्न लागायचे, ती मात्र दोऱ्याचे टोक तिरके कापून, जिभेला लावून, एका झटक्यात ओवायची. मुलाला सुई देणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याला पंचने भोके पाडून, बुटाची नाडी देऊन, वरून खाली आणि खालून वर असा धावदोरा घालायला शिकवला. पहिले दोन दिवस तो कडेवरूनच नाडी फिरवत राहिला, तिसऱ्या दिवशी त्याला टाका कळला आणि मग पुठ्ठे कमी पडायला लागले.

सुयांचा एक नियम आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवला होता: सुया पाचच, त्या खोचायला भुशाची एक गादी, आणि उठताना मोठ्याने मोजायच्या. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मोजल्या तेव्हा चारच भरल्या. आत्या त्याआधी गावाला परतल्या होत्या, मुलांचे बाबा अजून यायचे होते आणि मुलगा अनवाणी घरभर पळत होता. मी दोघांना कॉटवर चढवून बसवले आणि खाली उतरायचे नाही असे सांगितले. केर काढला, जुन्या स्पीकरमधले चुंबक काढून सुतळीला बांधले आणि फरशीवरून, सतरंजीच्या दोऱ्यांमधून, दाराच्या फटीतून फिरवले. टाचण्या निघाल्या, एक बारीक खिळा निघाला, सुई निघेना. तास गेला. मुलीने कॉटवरूनच विचारले, "वाकळेत बघितलं का?" मी वरून हात फिरवला होता पण चुंबक फिरवले नव्हते. ते फिरवल्यावर सतराव्या ओळीजवळ चुंबक कापडाला चिकटले. सुई दोन पदरांच्या मध्ये, आडवी, पूर्ण आत गेलेली होती. ती बाहेर काढून गादीत खोचल्यावर माझे हात थरथरत होते. त्या दिवसानंतर ओवलेल्या सुईला नेहमी लाल दोऱ्याचे शेपूट बांधलेले असायचे, म्हणजे ती आत गेली तरी बाहेर काहीतरी दिसेल. लहान मुलांच्या घरात सुईचे काम करणाऱ्या कोणीही मोजण्याचा हा नियम सोडू नये, एवढे मी अगदी कळकळीने सांगेन.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि कामाला वेग आला, पण त्याच सुमारास माझी खरी चूक उघडी पडली. कडेकडून मध्याकडे येता येता मधले कापड सैल होत चालले होते आणि मध्यभागी परातीएवढा फुगा उभा राहिला होता. मी तो हाताने दाबून पुढे शिवत गेले, तर त्याच्या चुण्या पडायला लागल्या. आत्यांना फोन केला. त्यांनी न बघताच सांगितले, की मी दोरा ताणते आहे आणि प्रत्येक ओळीआधी खालचे पदर हाताने सारून घेत नाही. उपाय एकच होता, उसवणे. नऊ ओळी, म्हणजे जवळजवळ दीड आठवड्याचे काम. उसवायला बसले तेव्हा मुले दोन बाजूंना बसली. मी टाका कापायचा आणि त्यांनी सुटलेले दोरे चिमटीने ओढून वाटीत टाकायचे. मुलाला हे काम शिवण्याहून कितीतरी अधिक आवडले आणि ते संपल्यावर "आता सगळी उसवू या" असे त्याने फार उत्साहाने सुचवले.

नव्याने शिवताना मुलीने एक ओळ मागितली. दोन दिवस जुन्या टॉवेलवर सराव करून तिने ती घातली. तिचे टाके काही ठिकाणी तांदळाएवढे तर काही ठिकाणी शेंगेएवढे झाले, आणि ओळ मध्येच वर चढून परत खाली आली. ती उसवून सरळ करू का, असे तिनेच मला विचारले. पदर पक्के बसले होते, दोरा ताणलेला नव्हता, आणि ताण कसा ठेवायचा हे तिला माझ्यापेक्षा लवकर कळले होते. मी ती ओळ तशीच ठेवायला सांगितली आणि तिच्या शेजारची माझी ओळ तिच्या वळणाने घेतली.

कडेला लावायच्या गोटासाठी लाल सुती कापड बाजारातून आणले. रंग पक्का आहे असे दुकानदाराने सांगितले होते, तरी आत्यांच्या सांगण्यावरून मी ते ओले करून त्यावर पांढरा रुमाल घासला, तर रुमाल गुलाबी झाला. मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिले, चार वेळा धुतले, तरी प्रत्येक पाणी लालच निघाले. तो गोट तसाच लावला असता तर पहिल्या धुण्यात आजेसासूबाईंच्या पातळावर डाग पसरले असते. शेवटी ते कापड पायपुसण्याला गेले आणि गोट लागला तो इरकलाच्या उरलेल्या हिरव्या अंगाचा. हिरवा तिथे लालपेक्षा अधिक शोभला, हे मला शिवून झाल्यावर दिसले.

मृगाच्या आधी आत्या परत आल्या. मध्यभागी हातभर चौकोन शिवायचा राहिला होता, तो मी त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवला होता. त्यांनी वाकळ मांडीवर घेतली, उलट बाजूने बोट फिरवत एकेक ओळ तपासली, मुलीच्या ओळीवर थांबल्या आणि "ही कुणाची?" असे विचारून तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. मग त्यांनी मुलाला स्वयंपाकघरातून ज्वारीचे पाच दाणे आणायला सांगितले. त्यांच्या घरात वाकळेचे पोट उपाशी ठेवत नाहीत. मधल्या शेवटच्या ठिगळाखाली धान्य घालूनच ते शिवतात, म्हणजे ती पांघरणाऱ्याला कधी कमी पडत नाही. मुलगा पाचाऐवजी मूठभर घेऊन आला. वाकळेला खूप भूक लागली असेल, असे त्याचे म्हणणे होते. आत्यांनी त्यातले पाच त्याच्याच हाताने ठेवून घेतले आणि उरलेले त्याने गॅलरीत चिमण्यांना टाकले.

पहिले धुणे आम्ही गच्चीवर, मोठ्या घमेल्यात, पायाने तुडवून केले. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही. दोघांनी दोन टोके धरून पिळली आणि दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवली. वाळल्यावर दोरा आणि कापड किंचित आटले आणि साऱ्या ओळींमधून बारीक सुरकुत्या उमटल्या. वाकळेला तिचा चेहरा येतो तो तेव्हाच. त्याआधी ती शिवलेली चादर असते.

पावसाची पहिली मोठी सर आली त्या रात्री वीज गेली होती. मी मेणबत्ती घेऊन मुलांच्या खोलीत गेले तेव्हा दोघे वाकळेखाली होते आणि अजून जागे होते. मुलगा डोळे मिटून, अंधारात, बोटाने ठिगळाची उंचावलेली कड चाचपत चालला होता. पुढचे चाक, मग नदी, मग मागचे चाक.